माझे मी करीन



एक दिवस आठवून पाहा. तुम्ही पहिल्यांदा आपल्या हाताने आपले नाव लिहिले, तो दिवस. त्याआधी कागद पुढे आला की अंगठा पुढे करावा लागे. शाईची डबी उघडली जाई. अंगठा निळा होई. मग तो भिंतीला नाहीतर डोक्याच्या केसांना पुसायचा आणि खाली मान घालून घरी यायचे.

पुढे वर्ग सुरू झाला. तुम्ही अक्षरे गिरवली. एखादी वेलांटी उलटी गेली. एखादा काना राहून गेला. तरी एके दिवशी नाव पुरे झाले. वेडेवाकडे का होईना, पण ते तुमचे होते. त्या रात्री घरी जाताना तुमची मान वर होती की नाही?

आता मला सांगा. गुरुजींनी रोज तुमचा हात धरून तुमची सही केली असती, तर अक्षर सुरेख आले असते. पण ती सही तुमची झाली असती का? नाही. ती गुरुजींचीच राहिली असती.

आजचा धडा एवढाच आहे. जे मोठ्यांचे, तेच लेकरांचे. आपण लेकराचा हात धरून त्याची सगळी कामे करतो. काम सुरेख होते. पण ते लेकराचे होत नाही.

आत्मसन्मान म्हणजे काय?

हा शब्द मोठा आहे. अर्थ सोपा आहे. आपल्याला आपली स्वतःची जी किंमत वाटते, तिला आत्मसन्मान म्हणतात. "मलाही काही येते. माझाही घराला उपयोग आहे. चुकले तर मी पुन्हा करून पाहीन." असे ज्याला मनातून वाटते, त्याला आत्मसन्मान आहे.

हा गर्व नव्हे, बरे का. गर्व म्हणतो, "मी दुसऱ्यापेक्षा मोठा." आत्मसन्मान म्हणतो, "मी कुणापेक्षा कमी नाही, आणि दुसराही कमी नाही."

ही वस्तू बाजारात मिळत नाही. नवे कपडे घेतले म्हणून ती येत नाही. "माझं बाळ लई हुशार, लई गुणाचं" असे दिवसभर म्हणत राहिले तरी ती येत नाही. लेकराला आतून कळते, की मी तर काहीच केले नाही, मग मला हुशार का म्हणतात? स्वतः केलेल्या कामाचा पुरावा त्याच्या हातात लागतो. मग कौतुक मनाला पटते.

माझ्या घरची गोष्ट

मी जन्मभर शाळेत शिकवले. मुख्याध्यापक झालो. दुसऱ्यांच्या मुलांना रोज सांगितले, "आपली पाटी आपण पुसा. आपला वर्ग आपण झाडा." पण माझ्याच घरी दिव्याखाली अंधार होता. आज ते मोकळेपणी सांगतो. कुणाला तरी उपयोग होईल.

मला दोन अपत्ये. आधी मुलगी. तिच्यानंतर सहा वर्षांनी मुलगा. मुलगा उशिरा झाला म्हणून सगळ्यांचा लाडका. त्याला आई आंघोळ घाली. बहीण त्याचे बूट पुसून ठेवी. दप्तर मी उचली. एकदा शाळेत विज्ञानाचे प्रदर्शन होते. त्याची पाणचक्की मीच रात्री जागून केली. तिला पहिले बक्षीस मिळाले. पोराने ते बक्षीस घरी आणून कोनाड्यात ठेवले, आणि पुन्हा कधी त्याला हात लावला नाही. तेव्हा मला नवल वाटले होते. आज कारण कळते. ते बक्षीस त्याचे नव्हतेच. ते माझे होते.

पोरगा बारावी झाला. मार्क चांगले पडले. पुढच्या शिक्षणाला औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, गेला. एका वसतिगृहात राहू लागला. सतराव्या दिवशी संध्याकाळच्या एस.टी.ने तो पेटी घेऊन परत आला. ओसरीवर बसला आणि रडू लागला.

मी विचारले, "काय झालं? कुणी मारलं का?"

तो म्हणाला, "नाही बाबा. मला तिथं काहीच येत नाही. बाकीची पोरं आपले कपडे धुतात. पोळ्या लाटतात. बँकेत जातात. मी नुसता बघत बसतो. सगळे हसतात. मला नाही जायचं तिकडं."

अभ्यासात तो कुणाला हार जात नव्हता. पण एक सदरा धुता येत नाही, या एका गोष्टीने त्याचा सगळा धीर गेला होता. हा दोष त्याचा नव्हता. आम्ही त्याचे हातच त्याला कधी दिले नव्हते.

पंचमीचा सण जवळ आला होता. मुलगी माहेरी आली होती. तिने भावाला हाताशी धरले. "रडतोस काय? ये इकडं. आधी कॉलरला आणि मनगटाला साबण लाव. मग बाकीचा सदरा." दुसऱ्या दिवशी कणीक मळायला बसवले. पहिली पोळी नकाशासारखी झाली. तिने ती हसत हसत स्वतः खाल्ली. आठव्या दिवशी त्याला एकट्याला बाजारात पाठवले, यादी आणि पैसे देऊन. तो हिशेबात सात रुपये चुकला. तिने रागावून न बोलता पुन्हा हिशेब मांडायला लावला. पंधरा दिवसांनी पोरगा पेटी उचलून आपला आपण गेला. मी स्टँडपर्यंत चाललो होतो. तो म्हणाला, "नको बाबा. मी जातो."

त्या रात्री मी मुलीला म्हणालो, "बाई, तुला सगळं येतं. तुझी कधी काळजीच वाटली नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, काम मला सगळं आलं. पण मला कुणी कधी विचारलं नाही, की तुला काय वाटतं. काम बिघडलं की बोलणी बसायची. नीट झालं की कुणी बघायचं नाही. अजून सासरी चार माणसांत बोलायची वेळ आली, की माझा गळा बसतो."

मला उत्तर देता आले नाही. मी हजारो मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. घरातली ही चूक मला दिसली नव्हती.

दोन लेकरे, दोन चुका. मुलाला काम दिले नाही. मुलीला काम दिले, पण विश्वास आणि मान दिला नाही. म्हणून नीट ध्यानात धरा. नुसत्या कामाने लेकरू उभे राहत नाही. काम हवे, आणि कामाबरोबर विश्वास हवा.

साताऱ्याचे वसतिगृह

आता एक मोठी गोष्ट ऐका. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. खेड्यातल्या गरीब मुलांनी शिकावे, हा त्यांचा ध्यास होता. १९१९ साली त्यांनी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत. एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधी तिथे आले, आणि त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले.

पैसा कुठला? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी आपले दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. पण भाऊरावांनी मुलांना आयते खाऊ घातले नाही. मुले झाडलोट करीत, स्वयंपाकाला हात लावीत, शेतात आणि बागेत कष्ट करीत, आणि शिकत. स्वावलंबी शिक्षण हे त्या संस्थेचे ब्रीद आहे.

असे का केले असेल? नीट विचार करा. ती मुले गरिबांची होती. कुणी त्यांना फुकट जेवू घातले असते, तर ती जन्मभर मिंधी राहिली असती. "आम्ही दुसऱ्याच्या अन्नावर शिकलो," असे त्यांना वाटत राहिले असते. पण ती आपल्या घामावर शिकली. म्हणून मान ताठ ठेवून बाहेर पडली.

या संस्थेचे चिन्ह वडाचे झाड आहे. वडाची पारंबी तुम्ही पाहिलीच आहे. आधी ती फांदीला लोंबते. झाडाच्या रसावर जगते. पण एकदा का ती भुईला टेकली, की मुळे धरते आणि स्वतःच खोड होते. मग तीच फांदीला आधार देते. आपले लेकरूही पारंबीसारखे आहे. त्याला भुईला टेकू द्या. वरच्या वर बांधून ठेवू नका.

आपल्या संभाजीनगरातही डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. ते १९५८ साली स्थापन झाले. तिथे 'कमवा आणि शिका' अशी योजना आहे. खेड्यातून आलेली गरीब मुले-मुली विद्यापीठात काम करतात, त्याचा मोबदला घेतात आणि शिकतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. उलट मिरवावे असे आहे.

लहान लेकरे आणि नाकाचा धडा

कुणी म्हणेल, "गुरुजी, ती तर मोठी मुले. आमचे लेकरू चार वर्षांचे. त्याला काय जमणार?"

त्याचेही उत्तर ऐका. इटली नावाच्या देशात मारिया मॉन्टेसरी नावाच्या एक डॉक्टरीण बाई होत्या. १९०७ साली त्यांनी रोम शहरातल्या एका गरीब वस्तीत बालघर काढले. आईबाप कामावर जात. लहान मुले दिवसभर मोकाट फिरत. बाईंनी त्या लेकरांसाठी लहान टेबले आणि खुर्च्या करून घेतल्या. मुले स्वतः हात धूत, झाडून काढीत, ताटे मांडीत, पाणी ओतीत.

एके दिवशी बाईंनी एक गमतीचा धडा दिला. नाक कसे शिंकरावे, याचा. रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे साफ करावे, हे सावकाश करून दाखवले. त्यांना वाटले, मुले हसतील. पण मुले हसली नाहीत. ती मन लावून पाहत राहिली. आणि धडा संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या!

का बरे? बाईंच्या ध्यानात आले. शेंबडे नाक म्हणून या लेकरांना रोज बोलणी बसत होती. चिडवले जात होते. पण नाक साफ कसे करावे, हे कुणी शिकवलेच नव्हते. पहिल्यांदा कुणीतरी अपमान न करता त्यांना शिकवले होते. लहान लेकरालाही मान असतो. तो दुखावतो. आणि तो सांभाळला, की लेकरू टाळ्या वाजवते.

आपल्या महाराष्ट्रात हेच काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. ताराबाई आधी गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डी या गावी खेड्यातल्या लेकरांसाठी बालवाडी काढली. अनुताई त्यांना तिथे येऊन मिळाल्या. अनुताई बालपणीच विधवा झाल्या होत्या. पण त्या हिमतीने शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी लेकरांसाठी काम केले. हे ठिकाण आज पालघर जिल्ह्यात आहे.

महाग खेळणी घ्यायला पैसे नव्हते. म्हणून त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने, काड्या हेच शिकवण्याचे साहित्य केले. लेकरे बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखायला कुरणात जात, तर शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. मुलांची आंघोळ, नखे, केस यांपासून शिक्षण सुरू होई. आधी बाई करून दाखवीत. मग लेकरू आपले आपण करी. १९७५ सालापासून सरकारी अंगणवाड्या देशभर निघाल्या. आज तुमच्या गावात अंगणवाडी आहे, तिथे हा विचार आठवा.

कोणत्या वयात कोणते काम?

आता आपल्या घराकडे वळू. काम लेकराच्या वयाला आणि ताकदीला साजेसे असावे. हा अंदाज पाहा.

दोन ते तीन वर्षे: आपली चप्पल जागेवर ठेवणे. खेळणी टोपलीत टाकणे. आपल्या हाताने जेवणे. सांडेल थोडे. सांडू द्या.

चार ते पाच वर्षे: आपले कपडे आपण घालणे. बटण लावणे. शेंगा सोलणे. तुळशीला तांब्याने पाणी घालणे. जेवताना सगळ्यांना पेले मांडणे.

सहा ते आठ वर्षे: आपले अंथरूण घडी करणे. आपले ताट घासणे. दप्तर भरणे. कोंबड्यांना दाणे टाकणे. आल्या पाहुण्याला पाणी देणे. अंगण झाडणे.

नऊ ते अकरा वर्षे: दुकानातून सामान आणून हिशेब सांगणे. धान्य निवडणे. आपले लहान कपडे धुणे. कणीक मळणे. आजीला औषधाची वेळ आठवण करून देणे.

बारा ते चौदा वर्षे: मोठ्यांच्या देखत भाकरी आणि भाजी करणे. बँकेची चिठ्ठी भरायला मदत करणे. घरखर्चाची वही लिहिणे. तालुक्याच्या गावी मोठ्यांबरोबर जाऊन तिकीट स्वतः काढणे.

ही यादी म्हणजे कायदा नव्हे. एखादे लेकरू लवकर शिकते, एखादे उशिरा. एखाद्या लेकराला अपंगत्व असेल, तर त्यालाही त्याच्या जोगे काम द्या. त्याला तर याची जास्त गरज आहे. "तू बस, तुला नाही जमायचं," हे वाक्य त्याने फार वेळा ऐकलेले असते.

काम कसे शिकवावे?

चार पायऱ्या ध्यानात ठेवा.

पहिली पायरी. सावकाश करून दाखवा. बोलणे थोडे, दाखवणे जास्त.

दुसरी पायरी. बरोबर करा. थोडे तुम्ही, थोडे लेकरू.

तिसरी पायरी. त्याला करू द्या. तुम्ही जवळ उभे राहा. हात मागे बांधून ठेवा!

चौथी पायरी. बाजूला व्हा. आता ते काम त्याचे आहे.

तिसरी पायरी सगळ्यांत अवघड. आपल्याला घाई असते. रानात जायचे असते. "दे इकडं, तुला जमत नाही," असे म्हणून आपण हातातून काम ओढून घेतो. काम दोन मिनिटांत होते. पण लेकराच्या मनात एक गोष्ट रुतून बसते, "मला जमत नाही." ती काढायला पुढे वर्षे लागतात.

आणखी काही गोष्टी सांगतो.

लेकराने केलेले काम त्याच्यासमोर पुन्हा करू नका. त्याने अंगण झाडले आणि कोपरा राहिला, तर लगेच खराटा घेऊन तो कोपरा झाडू नका. दुसऱ्या दिवशी म्हणा, "आज त्या कोपऱ्याकडंही बघ."

कौतुक करा, पण खरे करा. नुसते "शाब्बास, हुशार" म्हणू नका. "तू शेंगा सोलल्यास, म्हणून माझी भाजी वेळेवर झाली," असे म्हणा. आपल्या कामाचा उपयोग झाला, हे लेकराला कळू द्या.

काम ही शिक्षा करू नका. "खोड्या केल्यास ना, आता भांडी घास," असे म्हटले, की भांडी घासणे ही हलकी गोष्ट आहे, असे लेकरू शिकते. कुठलेही घरकाम हलके नाही.

दर कामाला पैसा देऊ नका. घर सगळ्यांचे, म्हणून काम सगळ्यांचे.

शेजारच्या पोराशी तुलना करू नका. कालच्या त्याच्याशीच आजचा तो ताडून पाहा.

आणि विचारत जा. "आज भाजी कोणती करू?" "परसात शेंगांचा वेल कुठं लावू?" लेकराने सांगितले, तर कधीतरी तसे करा. ज्याचे घरात ऐकले जाते, ते लेकरू बाहेर बोलायला भीत नाही.

मदत वेगळी, राबवणे वेगळे

इथे एक सावधगिरी सांगतो. कुणी या धड्याचा उलटा अर्थ घेऊ नये. लेकराला काम द्या, म्हणजे त्याला राबवा असे नव्हे.

शाळा बुडवून केलेले काम ही मदत नव्हे. आपल्या मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास किती तरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांची लेकरे शाळा सोडून फडावर धाकटी भावंडे सांभाळतात. मोळ्या उचलतात. त्यात त्यांचा दोष नाही. आईबापांची गरज असते. पण त्याने लेकराची मान वर होत नाही. पाठ वाकते. असे घर असेल, तर लेकरू गावी आजीआजोबांजवळ राहून शाळेत जाईल का, हे पाहा. नाहीतर कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवता येईल का, याची चौकशी करा. आपल्या शाळेच्या गुरुजींना विचारा.

कायदाही हेच सांगतो. २००९ सालच्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. २०१६ साली बालकामगारांचा कायदा सुधारला गेला. त्याप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुटीत घरच्या कामात हातभार लावायला हरकत नाही. पण ते काम धोक्याचे नसावे.

धोक्याची कामे कोणती? पिकावर औषध फवारणे. औषधाचे डबे धुणे. कडबा कापायचे यंत्र. मळणीचे यंत्र. ट्रॅक्टर. विजेची मोटर. कठडा नसलेली विहीर. ही कामे मोठ्यांची. तिथे लेकराला पाठवू नका. चूल आणि गॅसजवळ लहान लेकराला एकटे सोडू नका.

एक सोपी खूण सांगतो. काम करूनही लेकराची शाळा, अभ्यास, खेळ आणि झोप पुरी होते का? होत असेल, तर ती मदत. होत नसेल, तर ते राबवणे.

मुलगा आणि मुलगी

आपल्याकडे एक खोड आहे. घरकाम मुलीला, आणि मुलाला खेळ. मुलगी भांडी घासते. मुलगा म्हणतो, "ताई, पाणी दे." आपण हसून पाहतो.

यात दोघांचेही नुकसान आहे. मुलीला वाटते, माझा जन्म राबण्यासाठीच. मुलाला वाटते, माझे कुणीतरी करावे. उद्या तो एकटा पडला, की माझ्या मुलासारखा पेटी घेऊन परत येतो.

म्हणून कामाची वाटणी सारखी करा. आज ताट मुलाने घासावे, उद्या मुलीने. बाजारात आज मुलाने जावे, उद्या मुलीने. हिशेबाची वही दोघांनी लिहावी. खेळायची वेळही दोघांना सारखीच असावी. आणि बापानेही एखादे घरकाम करावे. लेकरे कानांनी थोडे शिकतात, डोळ्यांनी जास्त शिकतात.

एक तांब्या पाणी

शेवटी परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

आमच्याकडे पाहुणे आले होते. माझा नातू सहा वर्षांचा आहे. तो म्हणाला, "पाणी मी देतो." त्याने तांब्या काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी धरून निघाला. उंबऱ्यावर ठेच लागली. अर्धे पाणी पाहुण्यांच्या पायांवर सांडले.

"जपून रे," असे माझ्या तोंडावर आले होते. उठून तांब्या घ्यावा, असेही वाटले. मी ओठ दाबून बसलो. नातू क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग आत गेला. फडके आणले. फरशी पुसली. पुन्हा तांब्या घेऊन आला. या वेळी पाणी थोडे कमी होते. सांडले नाही.

मला हळूच म्हणाला, "आबा, मघाशी लई भरला होता. म्हणून सांडला."

हे मी त्याला सांगितले असते, तर तो विसरला असता. त्याने स्वतः शोधले. आता तो विसरणार नाही.

हा माझ्या मुलीचा मुलगा. ती आपल्या लेकीला आणि लेकाला सारखेच काम देते. रोज रात्री जेवताना दोघांना विचारते, "आज तू काय केलंस? तुला काय वाटलं?" जे तिला आम्ही दिले नाही, ते ती त्यांना देते. ती स्वतः आता बचत गटाचा हिशेब लिहिते. बैठकीत उभी राहते. गळा अजून बसतो, असे म्हणते. पण बोलते.

बंधूंनो, भगिनींनो, उशीर कधीच होत नाही. तुम्ही मोठेपणी अक्षरे शिकलात, ही त्याची साक्ष आहे. आज घरी जा. आपल्या लेकराला एक लहानसे काम द्या. दाखवा. मग बाजूला व्हा. सांडले तर सांडू द्या. फडके कुठे आहे, एवढे मात्र त्याला सांगून ठेवा.

विचार करा आणि सांगा

१. पहिली सही केली तेव्हा तुम्हाला काय वाटले? वर्गात सांगा.

२. पाणचक्कीचे बक्षीस मुलाने कोनाड्यात का ठेवले?

३. मुलीला सगळे काम येत होते. तरी तिचा गळा का बसे?

४. मदत आणि राबवणे यांत फरक कोणता? तुमच्या गावातले एक एक उदाहरण द्या.

५. तुमच्या घरात मुलगा कोणती कामे करतो? मुलगी कोणती करते? दोन याद्या लिहा आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा.

घरचा अभ्यास

या आठवड्यात आपल्या लेकराला एक नवे काम शिकवा. ते काम कोणते, आणि लेकरू काय म्हणाले, हे वहीत पाच ओळींत लिहून आणा. चुका झाल्या तर होऊ द्या. पण लिहायचे तुमचे तुम्हीच.

शब्दांचे अर्थ

स्वावलंबन: आपले काम आपण करणे, दुसऱ्यावर न टेकणे.

ब्रीद: आपण घेतलेला बाणा, नेम.

मिंधा: उपकाराखाली दबलेला.

पारंबी: वडाच्या फांदीपासून खाली लोंबणारे मूळ.

कुरण: गुरे चारण्याची जागा.